अट मोडल्यास निवड परत

२ सप्टेंबर, सकाळी ११
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात. पुढे पुस्तक गाजलं की लोक विचारणारच, सुरुवात कशी झाली. तेव्हा तारखा हाताशी असलेल्या बऱ्या.

पुस्तकाचं नाव ठरलं आहे. 'टोलेडो हेरन्स: सगळे सौदे, पहिल्यापासून आजपर्यंत.' आपल्या फुटबॉल क्लबाने साठ वर्षांत दिलेला-घेतलेला एकूण एक खेळाडू, ड्राफ्टमधली एकूण एक निवड. हे काम आजवर कुणी केलेलं नाही. माझी मैत्रीण नदीन म्हणते, कुणाला करावंसं वाटलं नसेल रे. पण ती हसत म्हणते, म्हणून चालतं.

कॉलेज सोडून तीन महिने झाले. पश्चात्ताप नाही. 'सोडलं' हा शब्दच चूक. सौदा केला. हातातली एक साधी डिग्री दिली, पुढचं नाव घेतलं.

निश्चय: रोज चार पानं. मॅच बघताना काही फेकायचं नाही. नदीनशी भांडायचं नाही.

८ सप्टेंबर, रविवार
पहिली मॅच. ३१–६ हरलो. रिमोट फुटला. फेकला नाही. हातातून सुटला, जरा जोरात.

आईने विचारलं, हे तुझे बगळे (हेरन म्हणजे बगळाच) दरवर्षी हरतातच कसे? तिला शांतपणे समजावलं. दर एप्रिलला सगळे क्लब कॉलेजातली पोरं आळीपाळीने उचलतात, तो ड्राफ्ट. आदल्या वर्षी जो जास्त हरला त्याला आधी निवडायला मिळतं. आपली निवड दुसऱ्या क्लबला देऊन तयार खेळाडू घेता येतो, किंवा खेळाडू देऊन पुढच्या वर्षांच्या निवडी. तर १९८८ मध्ये आपण वेस हॉलोरनसारखा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन सगळा खेळ चालवणारा माणूस, पश्चिमेकडच्या क्लबाला दिला आणि तीन निवडी घेतल्या. हॉलोरनने त्यांना दोनदा अजिंक्यपद मिळवून दिलं. आपल्या तीन निवडींतून काय आलं? पहिल्याचा गुडघा गेला. दुसरा पाद्री झाला. तिसरी निवड आपण विकली, तिच्या बदल्यात आलेली विकली, त्या बदल्यात आलेलीही विकली.

आई म्हणाली, बरं. भांडी तेवढी घास.

१५ सप्टेंबर
लेखनाला बसण्याआधी आराखडा हवा. म्हणून तळघराच्या भिंतीवर १९८८च्या सौद्याचं झाड काढायला घेतलं. पेन्सिलने. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, फांद्याच फांद्या. छत्तीस वर्षांनंतर झाडाला एकच जिवंत पान उरलं आहे: गस लिंडक्विस्ट. किक मारायच्या वेळी वाकून, पायांमधून चेंडू मागे फेकतो तो. मॅचमध्ये सहा-सात वेळा मैदानात येतो. बाकी वेळ बाकावर सूर्यफुलाच्या बिया खातो.

म्हणजे आपण हॉलोरन देऊन बिया खाणारा माणूस घेतला.

पानं: शून्य. पण भिंत अप्रतिम.

६ ऑक्टोबर
नदीन आली होती. नदीन हद्दाद. हो, तेच हद्दाद. १९८८चा सौदा ज्या जनरल मॅनेजरने केला, त्या एलायस हद्दादांची नात. गेल्या वर्षी फार्मसीच्या वर्गाबाहेर तिने आडनाव सांगितलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलो होतो. ती म्हणाली होती, घाबरू नकोस, मी तुला कुणाला देऊन टाकणार नाही. त्याच क्षणी मी कामातून गेलो.

आज ती बराच वेळ भिंत बघत उभी राहिली. मग दप्तरातून काळा मार्कर काढून उजव्या कोपऱ्यात, पार खाली, एक चौकोन काढला आणि आत लिहिलं:

नदीन → रोमन. बदल्यात: रोमनचं कॉलेज, पुढच्या सत्रापासून. मुदत १० जानेवारी. अट मोडल्यास निवड मूळ मालकाकडे परत.

खाली तिची सही. मलाही करायला लावली. अटीवरची निवड! क्लब अगदी असंच लिहितात. किती गोड मुलगी आहे. एवढी चांगली गंमत मलाही सुचली नसती.

१३ ऑक्टोबर, रविवार
सौद्याचा छत्तिसावा वाढदिवस. दरवर्षी या तारखेला आमच्या नाक्यावरच्या बारमध्ये 'हद्दाद स्पेशल' असतं. तुम्ही कोंबडीचे तीन पंख परत करायचे, ते तुम्हाला सेलरीची एक काडी देतात. सगळे हसतात. मीही दहा वर्षांचा असल्यापासून हसत आलो. आज हसू आलं नाही. एक टक्कल म्हणालं, म्हातारा अजून जिवंत आहे का रे, की त्यालाही विकला? डोक्यात तिडीक गेली. सेलरी त्याच्या बिअरमध्ये बुडवली.

बाहेर काढलं. डावी भुवई सुजली आहे. नदीनला दाराचं कारण सांगितलं. ती म्हणाली, दार टकलं होतं का? तिच्या मामाने बारमधून फोन केला होता.

प्रेमासाठी मार खाणं हा एक टप्पाच आहे.

२७ ऑक्टोबर
नदीनने आजोबांकडे नेलं. ती त्यांना जिद्दो म्हणते. मी मिस्टर हद्दाद म्हणालो. ते म्हणाले, बस रे पोरा, भुवई कुणी विकत घेतली तुझी?

शहाऐंशी वर्षं. स्वेटरचं एक बटण चुकीच्या काजात. किब्बे, म्हणजे खिम्याचे तळलेले गोळे, वाढले, वर दही. सौद्याचा विषय काढला की ते पत्ते पिसायला लागतात. चार डाव हरलो.

त्यांच्याकडे तो तक्ता आहे! खरा! ड्राफ्टच्या प्रत्येक निवडीला किती पॉइंट याचा, हाताने लिहिलेला, घड्यांवर फाटलेला. पहिल्या निवडीला तीन हजार, शेवटच्या फेरीला दोन, एक, अर्धा. टेबलावर दोन्ही बाजूंच्या पॉइंटांची बेरीज जुळली की सौदा. खाली टीप: पुढच्या वर्षीची निवड एक फेरी खालची धरावी.

घरी येऊन माझा तक्ता केला. नदीन ३०००. पुस्तक १८००. माझी टायरच्या दुकानातली नोकरी १२. कॉलेज ४०. आई विकाऊ नाही. पुढच्या वर्षीचं सगळं एक फेरी खाली धरायची टीप मी घेतली नाही. ती घाबरट लोकांसाठी आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी ४.०१
सौद्यांची मुदत संपली. हेरन्सने चांगला बचावपटू देऊन २०२६ची निवड घेतली. आठ मॅचमध्ये एक विजय आणि यांना २०२६ दिसतंय! नवा रिमोटही गेला. आता आई उठून टीव्हीजवळ जाऊन चॅनेल बदलते आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघते.

१७ नोव्हेंबर
फार मोठा दिवस. हे कुठेही लिहायचं नाही असं वचन दिलं आहे, पण रोजनिशी म्हणजे कुठेही नव्हे.

नदीन अभ्यासाला वर गेली होती. मिस्टर हद्दादांनी पत्ते खाली ठेवले आणि म्हणाले, तू माझ्यापायी भुवई फोडून घेतलीस असं कळलं, तेव्हा एकदाच ऐक, आणि ऐकून विसर. १९८८च्या उन्हाळ्यात हॉलोरनचं बाळ गेलं. अकरा दिवसांचं. त्याची बायको लॉरेन अंथरुणातून उठेना, त्या घरात तिला श्वास घेता येईना. हॉलोरन मिस्टर हद्दादांच्या स्वयंपाकघरात येऊन रडला. म्हणाला, तिला तिच्या आईच्या गावी न्यायचं आहे, मला तिकडच्या क्लबाला द्या. पण हे कुणाला कळता कामा नये, तिला तर नाहीच. तिला कळलं की तिच्यामुळे मी टोलेडो सोडलं, तर ती ते आयुष्यभर वाहील.

गिऱ्हाईक एकच असलं की भाव पडतो. तीन निवडींवर सौदा झाला. मालकांना हद्दाद म्हणाले, मला वाटलं म्हणून केलं. दोन वर्षांत नोकरी गेली. हॉलोरन चार वर्षांपूर्वी वारला. लॉरेन आहे.

मी विचारलं, एवढ्या शिव्या का खाल्ल्या? ते म्हणाले, शब्द दिला होता. आणि पत्ते वाटायला घेतले.

मला रडू आलं. खोकल्यावर निभावून नेलं.

पुस्तकाचं पहिलं प्रकरण मिळालं. म्हणजे लिहिणार नाही. पण मिळालं.

२२ डिसेंबर
नदीन कॉलेजचा फॉर्म घेऊन आली. माझं नाव, जन्मतारीख, सगळं तिने भरलेलं. फक्त सही करून रजिस्ट्रारच्या खिडकीवर द्यायचा. मी म्हणालो, पुढच्या सप्टेंबरात जातो ना, तोवर पुस्तक पूर्ण होईल. ती म्हणाली, किती पानं झाली? मी म्हणालो, पानांत मोजायचं काम नाही हे. ती म्हणाली, रोमन, मेमध्ये माझं शिक्षण संपतंय. सिनसिनाटीत नोकरी मिळेल असं दिसतंय. मी तुझी पुढची वर्षं मोजत बसू का?

मग भिंतीवरच्या चौकोनावर बोट ठेवलं. म्हणाली, ही गंमत नव्हती हं.

आवाज चढला. माझाच. फॉर्म कपाटावर ठेवला. देणार आहे. मुदतीला अजून एकोणीस दिवस आहेत. मुदतीच्या शेवटच्या तासात केलेले सौदे सगळ्यात चांगले असतात, हा इतिहास आहे.

१० जानेवारी, शुक्रवार, रात्री ८
आयुष्यातला सर्वोत्तम दिवस. सविस्तर लिहितो.

फॉर्मवर सही केली. दाढी केली. चार वाजता कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. रजिस्ट्रारची खिडकी समोर, वीस पावलांवर. रेडिओवर 'डेनिसला फोन करा' चालू होतं. मौमीहून कुणी एक फ्रँक बोलत होता. म्हणाला, हद्दादला समोरच्या क्लबाने पाकीट दिलं होतं, हे आख्ख्या गावाला माहीत आहे, म्हाताऱ्याचं घर बघा, फुकट येतं का ते.

पाकीट! त्या घराच्या तिसऱ्या पायरीचं लाकूड कुजलंय, मी दर वेळी ओलांडतो!

फोन लावला. मुलगी म्हणाली, थांबा, तुमच्या आधी अकरा जण आहेत. थांबलो. दरम्यान फॉर्म देऊन येता आलं असतं, पण नंबर गेला असता तर? शिवाय इमारतीत रेंज नसते.

४.५४ ला नंबर लागला. काय बोललो मी! बाळ, लॉरेन, स्वयंपाकघर, शब्द, सगळं. डेनिससारखा बोलभांड माणूस गप्प झाला. रेडिओवर पाच सेकंद शांतता म्हणजे काय चीज असते, ऐकणाऱ्यांनाच ठाऊक. मग म्हणाला, गड्या, तू आत्ता या शहराचं डोकं ठिकाणावर आणलंस.

५.०४ ला खिडकीशी गेलो. बाई कुलूप लावत होती. मी नाव सांगितलं तर म्हणाली, अय्या, रेडिओवरचा तूच का, मी रडले रे! मी म्हणालो, मग फॉर्म घ्या. ती म्हणाली, राजा, कॉम्प्युटर बंद केला.

हरकत नाही. नदीन ऐकेल तेव्हा फॉर्म तिच्या लक्षातही राहणार नाही. तिच्या आजोबांचं नाव मी छत्तीस वर्षांनी धुऊन काढलं. आज माझे कितीही पॉइंट होतील.

तिला तीन फोन केले. आनंदाने बोलता येत नसेल.

११ जानेवारी
वर्तमानपत्रात पहिल्या पानावर. बारने फळ्यावरून 'हद्दाद स्पेशल' पुसलं. टकल्याने मला बिअर पाजली. नदीन फोन उचलत नाही.

१२ जानेवारी, दुपार
नदीन आली. कोट काढला नाही.

एका बातमीदाराने लॉरेन हॉलोरनला घरी फोन केला. बाई बाहत्तर वर्षांची. तिला त्याच्याकडून कळलं की नवरा तिच्यासाठी आला होता, आणि त्यापायी इकडे एक माणूस छत्तीस वर्षं शिव्या खात होता. तिने फोन ठेवला. त्यानंतर जिद्दोंनी पाच वेळा केला, ती उचलत नाही. जिद्दो जेवत नाहीत.

मी म्हणालो, पण मी त्यांच्या बाजूने बोललो. नदीन म्हणाली, ते तुला विश्वासाने सांगत होते, बाजू मांडायला नव्हे, कळलं का तुला? मी म्हणालो, तो फ्रँक पाकीट म्हणाला. ती म्हणाली, फ्रँकला विचारतंय कोण? जिद्दोंनी कधी म्हटलं, माझ्या बाजूने बोल?

मग फॉर्म विचारला. मी सांगितलं. तिने हिशेब केला, ओठांतल्या ओठांत. म्हणाली, पन्नास मिनिटं फोन कानाला लावून बसलास. खिडकी वीस पावलांवर होती.

ओरडली असती तर मला काहीतरी सुचलं असतं. हळू बोलली. आईला नमस्कार सांग म्हणाली आणि गेली.

ती रागात आहे. रागातला सौदा धरत नाहीत.

२ फेब्रुवारी
तिला अकरा पत्रं लिहिली. नऊ फाडली. एक पाठवलं. एक कुठे गेलं कळत नाही. आई म्हणते, मी वाचलेलं नाही, पण ते पाठवू नकोस.

२३ फेब्रुवारी, रविवार
मिस्टर हद्दादांकडे गेलो. ते पायऱ्यांवरचं बर्फ काढत होते. माझ्याकडे बघितलं, फावडं माझ्या हातात दिलं आणि दारात स्टुलावर बसले. रोजच येणारा शेजारी रस्त्यावरून ओरडला, एलायस, ग्रेट आहेस तू! त्यांनी हात वर केला.

मग म्हणाले, शिव्या पचल्या होत्या रे. हे पचत नाही.

मी माफी मागितली. पाठ केलेली होती, तरी मध्येच तुटली. म्हणाले, लॉरेनची मागता येते का बघ. मला पत्ता ठाऊक आहे, पण तुला देणार नाही.

मी नदीनचं विचारलं. पुढच्या वर्षी मी कॉलेजला जाणार, पुस्तक होणार, तेव्हा ती... त्यांनी मध्येच थांबवलं. म्हणाले, तक्त्यात पुढच्या वर्षीचा माल एक फेरी खाली का धरतात, सांग. मी म्हणालो, कोण खेळाडू मिळेल ते माहीत नसतं म्हणून. ते म्हणाले, नाही. पुढच्या वर्षी त्या खुर्चीत आपण असू की नाही ते माहीत नसतं म्हणून.

आत बोलावलं नाही. तिसरी पायरी मात्र दुरुस्त करून आलो. खिळे त्यांनीच दिले.

२४ एप्रिल, गुरुवार
ड्राफ्ट. दुपारी बातमी आली की लिंडक्विस्टला सोडलं. बदल्यात काही नाही. १९८८चं झाड संपलं. शेवटचं पान बियांसकट गेलं.

संध्याकाळी आमची निवड, अख्ख्या ड्राफ्टमधली तिसरी. तीन महिने या घटकेची वाट पाहिली. आम्ही ती विकली. बदल्यात पुढच्या वर्षीच्या पहिल्या आणि तिसऱ्या फेरीतली एकेक निवड. बारमध्ये सगळे बोंबलत होते म्हणे, मी घरी होतो. काही फेकलं नाही. फेकायला काही उरलंही नाही.

आईने विचारलं, कोण आला मग? मी म्हणालो, कुणी नाही. पुढच्या वर्षी. तिने बटाटा भरलेल्या पिएरोगीचं ताट माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, नदीन दुकानात भेटली होती. सिनसिनाटीचं नक्की झालं. सात मेला निघते. तुला सांगू की नको, असं विचारत होती. मी म्हटलं, मी सांगते.

पिएरोगी गार झाली.

२७ एप्रिल, रविवार
आईची बहीण खाली राहायला येते आहे. तळघर रिकामं करून रंगवायचं. आईने क्रीम रंगाचा डबा आणून ठेवला.

सकाळी सुरुवात केली. हॉलोरन पहिल्या हातातच गेला. पाद्री गेला. गुडघा गेला. लिंडक्विस्ट गेला. छत्तीस वर्षांचे सौदे, सगळी पेन्सिल, दुपारपर्यंत साफ. वाटलं होतं काळीज फाटेल. काही नाही. नुसती पाठ दुखली.

कोपऱ्यातला चौकोन मात्र रंगातून वर येतो. दुसरा हात दिला. वाळला, पुन्हा वर. हार्डवेअरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, मार्कर आहे ना, तो असाच वर येत राहतो, आधी वेगळा थर द्यायला हवा होता. अक्षरं आता फिकट जांभळी झाली आहेत, पण 'मुदत १० जानेवारी' वाचता येतं. दोन्ही सह्याही.

आई जिन्यावर येऊन उभी राहिली. म्हणाली, अजून एक हात मार. मी म्हणालो, उद्या मारतो. तिने ब्रशकडे बोट दाखवलं. तशीच उभी राहिली.

मी म्हणालो, बरं, आत्ताच मारतो. डब्याशी वाकलो.

रंग संपला होता.